रोज्याला इफ्तार असतो : भूक, नफ्स आणि देहाची अमानत

रमजानचा रोजा माणसाला भुकेची ओळख करून देतो. समोर अन्न असते, हात मोकळे असतात, आजूबाजूला पाहणारे कोणी नसते, तरीही रोजेदार घास उचलत नाही. कारण ज्याच्यासाठी तो उपाशी आहे, तो पाहत असतो. या अनुभवातून संयम यावा, कृतज्ञता यावी, गरिबाच्या रिकाम्या पोटाची जाणीव व्हावी, अशी ही ईश्वरी योजना आहे. साहजिकच आपल्या समाजात कमी खाणाऱ्याविषयी आदर असतो आणि जिभेवर ताबा मिळवलेला माणूस आपल्याला मोठा वाटतो.

परंतु याच ठिकाणी एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. भुकेवर मिळवलेला प्रत्येक विजय हा नफ्सवरचा विजय असतो काय? एखादी व्यक्ती महिनोन्‌महिने अन्न नाकारत राहते, तिचा देह झिजतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि तिला स्वतःला मात्र यात एक प्रकारचे समाधान वाटते. अशा व्यक्तीने नफ्सला जिंकले, की नफ्सने तिला? आणि हा जर आजार असेल, तर तिचा स्वतःचा दोष किती आणि तिच्या भोवतालच्या आपणा सर्वांची जबाबदारी किती?

भुकेचे दोन प्रकार

आपण विदर्भातील माणसे भुकेला अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाचे नाव 1990च्या दशकापासून बालकांच्या कुपोषणाशी जोडले गेले आहे. ती भूक अभावाची आहे. तिथे मुलाला अन्न हवे असते आणि ते मिळत नाही. त्याचा जाब शासनाला आणि धनिकांना द्यावा लागेल. आज ज्या भुकेविषयी लिहायचे आहे, ती याच्या उलट आहे. घरात धान्य आहे, आई ताट वाढून बसली आहे, आणि तरीही घास घशाखाली उतरत नाही. किंवा उतरतो तो इतक्या अनावर वेगाने की नंतर लाज आणि भीती यांशिवाय काही उरत नाही. वैद्यकशास्त्र यांना आहारविकार म्हणते.

यांतील तीन प्रकार ठळक आहेत. पहिला ॲनोरेक्झिया नर्व्होसा. यात वजन वाढण्याची तीव्र भीती असते, आहार कमी कमी होत जातो आणि देह हाडांवर आला तरी आरशात आपण जाडच दिसतो. लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी 1870च्या दशकात या आजाराला हे नाव दिले, पण त्याचे वर्णन त्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे, 1689 साली, रिचर्ड मॉर्टन यांनी करून ठेवले होते. म्हणजे ही मोबाईलच्या युगाची निर्मिती नव्हे. मोबाईलने फक्त आगीत तेल ओतले. दुसरा बुलिमिया. यात थोड्या वेळात अतोनात खाल्ले जाते आणि मग भीतीपोटी ते अन्न शरीराबाहेर टाकण्याचे किंवा कठोर उपासाने त्याची भरपाई करण्याचे प्रयत्न होतात. या रुग्णाचे वजन पुष्कळदा सर्वसाधारण असते, त्यामुळे घरातल्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. 1979 साली जेरल्ड रसेल यांनी त्याला स्वतंत्र आजार म्हणून मांडले. तिसरा प्रकार अनावर खाण्याचा. यात खाल्लेले बाहेर टाकले जात नाही. पण भूक नसताना, एकट्याने, लपून, ताबा सुटल्यासारखे खाल्ले जाते आणि नंतर स्वतःचीच घृणा वाटते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 साली त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला.

हे आजार बहुधा किशोरवयात सुरू होतात. मुलींमध्ये अधिक दिसतात, पण मुलगे त्यांतून सुटलेले नाहीत. व्यायामशाळेत घडवलेल्या देहाच्या वेडापायी अन्नाशी वैर धरणारे तरुणही यात येतात.

देहावर काय गुदरते

उपाशी देह प्रथम चरबी जाळतो, मग स्नायू. हृदय हाही स्नायूच आहे, तेव्हा तेही आकसते. नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. नागपूरच्या उन्हाळ्यातही हातपाय गार पडतात. डोक्यावरचे केस गळू लागतात आणि उलट अंगावर बारीक मऊ लव उगवते, कारण ऊब टिकवण्याचा तो शरीराचा केविलवाणा प्रयत्न असतो. मुलींची मासिक पाळी थांबते. ज्या वयात हाडे आयुष्यभराची ताकद साठवतात, त्याच वयात ती पोकळ होऊ लागतात. हे नुकसान पुढे पूर्णपणे भरून निघेलच असे नाही.

बुलिमियात धोका वेगळा असतो. वारंवारच्या उलटीने दातांवरचे आवरण आम्लाने झिजते, गालांजवळच्या लाळग्रंथी सुजतात, अन्ननलिकेला इजा होते. सर्वांत गंभीर म्हणजे रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाची लय अचानक बिघडू शकते. वरून धडधाकट दिसणारी व्यक्ती यामुळे दगावू शकते. अनावर खाण्याच्या आजारात स्थूलता, मधुमेह आणि उच्च रक्तदाब हळूहळू पाय पसरतात.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर 1983 साली वयाच्या 32व्या वर्षी ॲनोरेक्झियाने दुबळ्या झालेल्या हृदयामुळे मरण पावली, तेव्हा जगाला या आजाराची खरी ओळख झाली. आपल्या देशात मार्च 2025 मध्ये केरळच्या कन्नूर जिल्ह्यातील 18 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची बातमी सर्वत्र आली. वजन वाढण्याच्या भीतीने आणि इंटरनेटवरील आहारसल्ल्यांच्या नादाने तिने अन्न जवळजवळ सोडले होते. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीवघेण्या आजारांत ॲनोरेक्झियाची गणना होते. त्यातील काही मृत्यू देह खचल्याने होतात, तर काही निराशेतून केलेल्या आत्मघाताने.

मनावर काय गुदरते

भूक मनाचे काय करते, याचा एक विलक्षण पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे जाणून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये एक प्रयोग केला. विवेकबुद्धीला स्मरून हाती शस्त्र घेण्यास नकार देणाऱ्या 36 निरोगी तरुणांनी त्यासाठी स्वेच्छेने नाव दिले. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले.

त्या तरुणांना आधी कोणताही मानसिक आजार नव्हता, दिसण्याची चिंता नव्हती. तरीही काही महिन्यांत त्यांच्या मनात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एक घास पुरवून पुरवून खाऊ लागले, ताटे चाटू लागले. ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. मित्र, विनोद, विवाहाची ओढ, सारे विरले. प्रयोग संपल्यावरही कित्येकांचे खाणे बराच काळ ताळ्यावर आले नाही; पोट भरले तरी समाधान होईना.

या प्रयोगाने एक मोठा गैरसमज दूर केला. ताटावर बसून तासभर घास चिवडणारी, घरच्यांशी भांडणारी, मैत्रिणींना टाळणारी, दिवसभर अन्नाच्याच हिशेबात गुंतलेली मुलगी पाहून आपण म्हणतो, ‘हट्टी आहे, नखरे करते.’ पुष्कळदा तो हट्ट तिच्या स्वभावातला नसतो, भुकेनेच तो निर्माण केलेला असतो. भुकेला मेंदू लवचीकपणा गमावतो, एकाच विचाराभोवती फिरत राहतो, आणि तो विचार जर ‘खाऊ नकोस’ हाच असेल, तर आजारच आजाराला पोसत राहतो. त्याबरोबर नैराश्य येते, चिंता येते, लाज येते आणि ‘मला काहीही झालेले नाही’ ही ठाम समजूतही येते. ही समजूत या आजाराचे एक प्रमुख लक्षण आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

इस्लामने भुकेला सीमा घातली

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हजरत मुहम्मद (स.) यांच्या काळात उपासनेचा उत्साह असलेल्यांची कमतरता नव्हती. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली तीन माणसांची हदीस आपण ऐकलेली आहे. त्यांपैकी एकाने रात्रभर नमाज पढण्याचा, दुसऱ्याने कायम रोजे धरण्याचा, तिसऱ्याने विवाह न करण्याचा निश्चय केला. प्रेषितांनी (स.) त्यांचे कौतुक केले नाही. आपण स्वतः रोजा धरतो आणि सोडतोही, हे सांगून त्यांनी स्पष्ट केले की या मार्गापासून तोंड फिरवणारा आपला नव्हे. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या अखंड रोज्यांविषयी कळल्यावर त्यांनी त्यांना महिन्याला तीन रोजे सुचवले, फार आग्रह झाला तेव्हा एका दिवसाआड रोजा, ही शेवटची मर्यादा घातली आणि देहाचा, डोळ्यांचा हक्क बजावून सांगितला. इफ्तार न करता रोज्याला रोजा जोडण्यास त्यांनी अनुयायांना मनाई केली. हजच्या वाटेवर पायी जाण्याचा नवस केलेला एक वृद्ध दोन मुलांच्या आधाराने फरफटत जाताना दिसला, तेव्हा या माणसाने स्वतःला यातना देण्याची अल्लाहला गरज नाही, असे सांगून त्यांनी त्याला वाहनावर बसायला लावले.

या सर्व प्रसंगांत एक समान सूत्र आहे. देह आपल्या मालकीचा नाही. तो अमानत आहे, आणि अमानतदाराला वस्तू वापरण्याचा अधिकार असतो, नष्ट करण्याचा नसतो. कुरआनने अल-बकरा या अध्यायात स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई केली (2:195), अल-माइदामध्ये अल्लाहने वैध केलेल्या चांगल्या गोष्टी स्वतःवर निषिद्ध ठरवू नयेत अशी ताकीद दिली (5:87), आणि अल-अअराफमध्ये ‘खा व प्या’ या आज्ञेला अतिरेक न करण्याची अट जोडली (7:31). अतिरेक टाळण्याची अट आपण नेहमी ऐकवतो. तिच्या आधी येणारी खाण्याची आज्ञाही तेवढीच आज्ञा आहे, हे मात्र क्वचितच सांगतो.

रोज्याची रचनाच पाहा. त्याला आरंभ आहे आणि शेवट आहे. सहरीत बरकत आहे आणि ती सोडू नये, असे शिकवले गेले. सूर्यास्त होताच इफ्तारला उशीर करू नये, असे शिकवले गेले. दोन्ही ईदच्या दिवशी आणि ईदुल-अजहानंतरच्या तीन दिवसांत तर रोजा धरणेच निषिद्ध केले. म्हणजे ज्या शरीअतने एका महिन्यात दिवसा खाण्यास बंदी केली, तिनेच वर्षातील पाच दिवस उपाशी राहणे हे पाप ठरवले. या सीमांमुळेच रोजा उपासना ठरतो. रोज्याला इफ्तार असतो. आहारविकाराच्या उपासाला इफ्तार नसतो. तिथे मगरिबची अजान झाली तरी भीती संपत नाही, आणि ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी पाहून आनंदाऐवजी धडकी भरते.

नफ्स संयमाचेही कपडे घालतो

इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात भुकेचे लाभ विस्ताराने सांगितले आहेत. पण त्याच प्रकरणात ते दोन इशारे देतात. एक म्हणजे अंतिम ध्येय मध्यम मार्गाचे आहे. पोटाचे जडपणही जाणवू नये आणि भुकेची वेदनाही जाणवू नये. दुसरा म्हणजे कमी खाण्यातही रिया, म्हणजे दिखाव्याची व्याधी शिरू शकते. नफ्स केवळ मिठाईच्या दुकानासमोरच उभा नसतो. कौतुकाची हाव, इतरांपेक्षा वरचढ ठरण्याची हाव, स्वतःवर संपूर्ण सत्ता गाजवण्याची हाव, याही नफ्सच्याच भुका आहेत. म्हणून ‘मी खाल्ले नाही’ या वाक्याने नफ्स हरला असे सिद्ध होत नाही. कधी कधी तोच जिंकलेला असतो.

परंतु येथे अतिशय सावध राहिले पाहिजे. या विचारातून कोणी असा निष्कर्ष काढील की आहारविकाराची रुग्ण मुलगी ही रियाकार आहे, तिला उपदेशाने किंवा दटावणीने वठणीवर आणावे. हा निष्कर्ष चूक आहे. गझालींचा इशारा निरोगी मनाच्या साधकासाठी आहे, कारण त्याच्या हाती निवड आहे. आजारात निवड करणारी शक्तीच पकडली गेलेली असते. मिनेसोटातील त्या तरुणांनी उदास व्हायचे ठरवले नव्हते. अल्लाह कोणाही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, हे अल-बकरा अध्यायाच्या अखेरच्या आयतीने (2:286) आपल्याला शिकवलेले तत्त्व आहे. ज्वराच्या रुग्णाला कोणी विचारत नाही की तू तापलास का. मग मनाच्या रुग्णाचीच झडती का?

तर मग तिची काहीच जबाबदारी नाही काय? आहे, पण ती तिच्या आवाक्याएवढी. ज्या दिवशी ती एखाद्या विश्वासाच्या माणसाला ‘मला मदत हवी’ एवढे सांगू शकते, त्या दिवशी ते सांगणे ही तिची जबाबदारी. उपचार करा, हा प्रेषितांचा (स.) आदेश आहे, तो मानणे ही तिची उपासना. आपण म्हणतो की नफ्सविरुद्ध झगडणे हा मोठा संघर्ष आहे. निरोगी माणसासाठी तो संघर्ष घास नाकारण्यात असू शकतो. या रुग्णासाठी तो घास उचलण्यात आहे. थरथरत्या हाताने घेतलेल्या त्या एका घासाचे मोल आपण कमी समजू नये.

रमजान आणि रुग्ण

या आजाराच्या रुग्णाने रोजे धरावेत काय? कुरआनने आजाऱ्याला सवलत देताना (2:184-185) देहाचा आजार आणि मनाचा आजार असा भेद केलेला नाही. रोज्याने आजार वाढेल किंवा बरे होणे लांबेल, असे जाणकार आणि विश्वासू डॉक्टरने सांगितले असेल, तर रोजा न धरणे हेच आज्ञापालन आहे. बरे झाल्यावर ते रोजे भरून काढता येतात. बरे होण्याची आशाच नसेल तर फिदया आहे. कोणत्या रुग्णाने काय करावे, हे डॉक्टर आणि मुफ्ती दोघांना विचारून ठरवावे. एकट्याने ठरवू नये.

येथे एक आक्षेप संभवतो. रुग्ण म्हणेल, ‘मी तर अल्लाहसाठी उपाशी राहते, तुम्ही मला उपासनेपासून रोखता काय?’ आई-वडीलही गोंधळतात. मुलगी दीनदार झाली, सोमवार-गुरुवारचे नफ्ल रोजेही सोडत नाही, म्हणून त्यांना अभिमान वाटत असतो. अशा वेळी काही गोष्टी पाहाव्यात. सहरी टाळली जाते काय? इफ्तारच्या वेळी ती नेमकी खोलीत निघून जाते काय? सवलत असलेल्या दिवसांतही, म्हणजे प्रवासात, तापात, ईदलाही, उपास सोडण्याची भीती वाटते काय? रोज्याची चर्चा अल्लाहच्या प्रसन्नतेपेक्षा वजनाच्या काट्याभोवती फिरते काय? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ येत असतील, तर आजाराने रोज्याचा बुरखा पांघरला आहे, असे समजावे. हे प्रश्न आजार ओळखण्यासाठी आहेत, आरोप ठेवण्यासाठी नाहीत.

फतवा देणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्या इमामांसाठी, अबू दाऊद यांच्या संग्रहातील दोन घटना शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. एका प्रवासात डोक्याला जखम झालेल्या माणसाला स्नान अनिवार्य झाले. त्याने सोबत्यांना तयम्मुमची सवलत विचारली. पाणी उपलब्ध आहे म्हणून त्यांनी नकार दिला. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांनी (स.) त्या मृत्यूची जबाबदारी सोबत्यांवर ठेवली आणि माहीत नव्हते तर विचारायला हवे होते, अज्ञानावर इलाज विचारणे हाच आहे, असे सांगितले. दुसऱ्या घटनेत हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी कडाक्याच्या थंडीत जिवाला धोका ओळखून स्वतः तयम्मुम केला आणि स्वतःला ठार न करण्याविषयीच्या आयतीचा (4:29) आधार दिला. प्रेषित (स.) हसले आणि त्यांना काही बोलले नाहीत. कठोरपणा म्हणजे तक्वा नव्हे, हे या दोन घटनांतून शिकावे. वैद्यकीय बाब न विचारता ‘रोजा तर धरावाच लागेल’ म्हणणारा माणूस पहिल्या घटनेतील सोबत्यांच्या जागी उभा असतो.

रोजा सुटला म्हणून रमजान सुटत नाही. तिलावत आहे, जिक्र आहे, दुआ आहे, सदका आहे. घरातील रुग्णाला ‘सगळे रोजेदार, तू एकटीच नाहीस’ असे टोमणे ऐकावे लागू नयेत. आणि मोमिनपुऱ्यात रात्रभर चालणाऱ्या खाण्याच्या बाजारात तिला ओढून नेण्याचा आग्रहही नसावा; अनेक रुग्णांना गर्दीत, सर्वांच्या नजरेसमोर खाणे फार जड जाते.

आपल्या जिभेचा वाटा

आहारविकाराची कारणे अनेक आहेत. काही आनुवंशिक असतात, काही स्वभावातील, काही आघातातून आलेली. कुटुंबाने हा आजार ‘दिला’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण जखमेवर मीठ चोळणारी जीभ आपलीच असते. मुलगी पाहायला येणारी मंडळी तिच्या शिक्षणाआधी तिची कंबर पाहतात. ‘थोडे वजन कमी केले तर स्थळ जमेल’ हे वाक्य किती घरांत उच्चारले गेले असेल! तेच घर दुसऱ्या दिवशी ‘किती सुकली आहे, काही खात नाही’ म्हणून तिला रागावते. बारीक मुलालाही ‘काडीपैलवान’ ऐकावे लागते.

अल-हुजुरात अध्यायाने (49:11) एकमेकांची खिल्ली उडवण्यास आणि टोपणनावे ठेवण्यास स्पष्ट मनाई केली आहे. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पिंडऱ्या फार बारीक होत्या. त्या पाहून काही जण हसले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की त्या पिंडऱ्या अल्लाहच्या तराजूत उहुद पर्वताहून जड आहेत. हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगणेपणाकडे हजरत आयेशा (रजि.) यांनी नुसता निर्देश केला, तर तो शब्द समुद्राच्या पाण्यातही मिसळला तर ते बिघडेल, अशी जाणीव त्यांना करून देण्यात आली. आणि त्याच आयेशा (रजि.) प्रेषितांशी (स.) लावलेल्या धावण्याच्या शर्यती सांगताना सहजपणे सांगतात की प्रथम मी जिंकले, पुढे माझे अंग भरले तेव्हा ते जिंकले. शरीर बदलते, ही गोष्ट त्या घरात लाजेची नव्हती. आपल्या घरांत ती लाजेची कधी झाली, याचा विचार आपण करावा.

करावयाचे काय

प्रथम, आजाराला आजार म्हणावे. नजर लागली, सावली पडली म्हणत वर्ष-दोन वर्षे तावीज-गंड्यांत घालवू नयेत. कुरआनातील दुआ पढून दम करणे आणि डॉक्टरकडे जाणे यांत विरोध नाही. दुआ उपचाराबरोबर चालते, उपचाराऐवजी नव्हे. दहाव्या शतकातील मुस्लिम विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी देह व मन यांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला आणि मनाच्या दुखण्यांनाही वैद्यक लागते, हे मांडले. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी आपला वारसा तपासावा.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले ‘मेडिकल’, मेयो आणि मिहानमधील एम्स येथे मानसोपचार विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार शासकीय व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, शुद्ध हरपणे, किंवा मरणाच्या गोष्टी बोलणे, अशी लक्षणे दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

दुसरी सावधगिरी अशी की फार दिवस उपाशी राहिलेल्याला घाईने भरपूर खाऊ घालू नये. अशा देहात अन्न एकाएकी गेले की रक्तातील फॉस्फेटसारखे क्षार झपाट्याने घसरतात आणि जिवाला धोका होतो. अन्नावर परत आणणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने करायचे काम आहे.

तिसरी गोष्ट घराने शिकायची. किशोरवयीन रुग्णांच्या बाबतीत कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार विशेष उपयोगी ठरले आहेत. आई-वडील जवळ बसतात, स्वतः जेवतात, भांडत नाहीत, उपदेश करत नाहीत आणि हटतही नाहीत. मला यात हजरत सलमान (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांची घटना दिसते. नफ्ल रोज्यांत आणि रात्रीच्या नमाजींत बुडालेल्या अबू दर्दांनी पाहुण्या सलमानांपुढे जेवण ठेवले आणि स्वतःला रोजा असल्याचे सांगितले. सलमान म्हणाले, तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. अबू दर्दा जेवले. त्यानंतरच, रात्र सरताना, सलमानांनी त्यांना समजावले की तुमच्या रबचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या जिवाचाही आहे आणि घरच्यांचाही आहे. प्रेषितांनी (स.) सलमानांचे म्हणणे खरे ठरवले. आधी सोबत जेवण, मग उपदेश, हा क्रम आपण ध्यानात घ्यावा.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे आहे. भुकेवरचा ताबा हे साधन आहे. ते अल्लाहच्या आज्ञेत असेपर्यंतच चांगले आहे. जी आज्ञा ‘थांब’ म्हणते, तीच सूर्यास्ताला ‘खा’ म्हणते, आणि दोन्ही ठिकाणी ऐकणारा तोच खरा आज्ञाधारक. ज्याला दुसरी आज्ञा ऐकूच येईनाशी झाली आहे, तो गुन्हेगार नसून आजारी आहे. त्याच्या शेजारी बसून ताट पुढे करणे हे आपले कर्तव्य आहे. अल्लाह आपणा सर्वांना देहाची ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो, आपल्या जिभांना दुखावण्यापासून रोखो आणि अन्नाच्या भीतीने झुरणाऱ्या प्रत्येक जिवाला शिफा देवो. आमीन.